पात्रांच्या नावांतील श्लेष: किती दाखवावा, किती लपवावा?

वायंगण, वेंगुर्ले

नमस्कार. गेली दोन वर्षे मी एक कादंबरी लिहीत आहे. वेंगुर्ले आणि मालवण यांच्या मधल्या किनाऱ्यावर मी एक काल्पनिक गाव वसवले असून कथानक १९७८ साली घडते. शाब्दिक कोट्या करण्याची माझी खोड लहानपणापासूनची आहे आणि पात्रांना नावे देताना ती फारच बळावली. पहिला खर्डा वाचून माझ्या मैत्रिणीने एका वाक्यात निकाल दिला: "तुझ्या गावात माणसे राहत नाहीत, कोट्या राहतात." हे वाक्य मला लागले, कारण ते बऱ्याच अंशी खरे आहे.

नावे अशी आहेत. क्षणभरही तोंड न मिटणारे प्राथमिक शिक्षक गणेश परशुराम परब यांच्या दारावरील पाटी 'ग. प. परब' अशी आहे. सात-बाराच्या नोंदींची सरमिसळ करणाऱ्या तलाठ्याचे आडनाव घोळकर आहे. घोळ हा आपल्याकडचा मोलाचा मासाही असल्यामुळे ही कोटी मला दुहेरी वाटली होती. नायिकेचे नाव सिंधू दुर्गे. पोस्टमास्तरांची पत्नी सरिता घाटावरून लग्न होऊन किनाऱ्यावर येते आणि सरिता खाडिलकर होते. नायक सारंग तांडेल हा होडीवर वाढलेला, गाता गळा असलेला तरुण आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नावातील श्लेष वाचकाच्या लक्षात आणून द्यावा, की तो आपसूक सापडला तर सापडू द्यावा? आणि श्लेषासाठी घडवलेले नाव खोटे वाटू नये म्हणून काय करता येते? "कोट्या सोडून द्या" हे उत्तर मला ठाऊक आहे. त्यापलीकडचे काही हवे आहे.

माजी मराठी शिक्षक, रत्नागिरी

आपल्या यादीतील सगळी नावे एका जातीची नाहीत आणि म्हणून त्यांना एकच न्याय लावता येणार नाही. अलंकारशास्त्राने श्लेषाचे जे दोन प्रकार सांगितले आहेत, ते इथे नुसते परीक्षेपुरते नसून खरोखर उपयोगी पडतात. शब्द न तोडता त्याचे दोन अर्थ होतात तेव्हा तो अभंग श्लेष, आणि शब्दाची फोड बदलल्यावर दुसरा अर्थ निघतो तेव्हा तो सभंग. दमयंती 'औषध न लगे मजला' असे म्हणते आणि आईला वाटते की मुलीला औषधाची गरज उरली नाही. मुलगी मात्र 'नल गे' असे, म्हणजे नल हेच माझे औषध असे म्हणत असते. हा सभंग श्लेष शाळेत शिकवताना माझ्या वर्गात दरवर्षी एखादा विद्यार्थी दोन दिवसांनी अचानक हसत असे. तो उशीर ही त्या श्लेषाची खरी किंमत आहे असे मला वाटते.

आता आपली नावे पाहू. 'सारंग' हा अभंग श्लेषासाठी मराठीतील एक अत्यंत श्रीमंत शब्द आहे. संस्कृतात त्याचे हरिण, मोर, भुंगा, चातक असे कितीतरी अर्थ आहेत; संगीतात ते दुपारच्या वेळी गायल्या जाणाऱ्या रागकुळाचे नाव आहे; आणि किनाऱ्यावर सारंग म्हणजे नौकेवरील खलाशांचा प्रमुख. हा शेवटचा अर्थ संस्कृतातून आलेला नाही, तो फार्सीतील 'सरहंग' या शब्दावरून आला आहे. दोन वेगळ्या भाषांतून निघालेले दोन शब्द एकाच उच्चारावर येऊन थांबले, हा योगायोग लेखकाला आयता मिळालेला आहे. मात्र आपण त्यापुढे 'तांडेल' हे आडनाव जोडले आहे आणि तांडेल म्हणजेही नौकेवरील प्रमुखच. त्यामुळे हे नाव मला 'जमादार हवालदार' असे ऐकू येते.

शिवाय १९७८ साली हा तरुण पंचविशीचा असेल, तर त्याचा जन्म १९५३च्या आसपासचा. त्या काळी मच्छीमार घरात मुलाचे नाव सारंग ठेवले गेले असेल हे मला पटत नाही. आडनाव म्हणून मात्र सारंग आपल्या किनाऱ्यावर परिचित आहे. मी आपल्या जागी असतो तर त्याचे नाव भिकाजी सारंग ठेवले असते. आधीची मुले जगली नाहीत की पुढच्या मुलाला भिकाजी, धोंडू, दगडू, केरू अशी नावे देण्याची आपल्याकडे चाल होती. ज्याला देवाकडून भीक म्हणून मागून घेतले किंवा ज्याची किंमत दगडाएवढीच सांगितली, त्याच्यावर कोणाची दृष्ट पडणार नाही, ही त्यामागची समजूत. म्हणजे 'भिकाजी' या एका नावात आईच्या आधीच्या बाळंतपणांचा इतिहास येतो आणि तो सांगायला वेगळे प्रकरण लिहावे लागत नाही. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आपण विसंगतीसाठी वापरतो. भिकाजीच्या बाबतीत ती उलटी होते. नाव कथलाचे ठेवायचे, ते आतले सोने कोणाला दिसू नये म्हणून.

'घोळकर' मात्र काढून टाकावे. कोकणात 'कर' प्रत्यय लावला की वाचक लगेच गाव शोधू लागतो. आचरेकर म्हटले की आचरे, कुडाळकर म्हटले की कुडाळ, दाभोळकर म्हटले की दाभोळ. घोळकर वाचल्यावर तो विचारणार, घोळ हे गाव कुठे आले? गाव सापडले नाही की त्याला लेखकाचा हात दिसतो, आणि एकदा तो दिसला की पुढच्या प्रत्येक नावामागे वाचक तोच शोधत बसतो.

मुद्रितशोधक, अलिबाग

मी व्यवसायाने मुद्रिते तपासते, त्यामुळे माझे म्हणणे प्रामुख्याने कागदावरील नावांविषयी आहे.

'ग. प. परब' ही आपल्या यादीतील सर्वांत मराठी कोटी आहे आणि ती ठेवावी. आपल्या लिपीत आद्याक्षर म्हणजे सुटे व्यंजन नसून काना-मात्रेसह अख्खे अक्षर असते, म्हणूनच पु. ल. आणि चिं. वि. ही आद्याक्षरेच पुढे माणसांची नावे होऊ शकली आणि ग. दि. मा. यांचे गदिमा झाले. अख्खी अक्षरे जोडली की शब्द आपोआप तयार होतो, आणि त्यात मधले नाव वडिलांचे असल्यामुळे तो शब्द निम्मा मुलाचा व निम्मा बापाचा असतो. माधव सावळाराम असे नाव असलेला मासळीचा व्यापारी आपल्या वहीवर 'मा. सा.' अशी सही करील आणि त्याच्या ते कधी लक्षातही येणार नाही. नरहरी कोंडाजी खोत यांच्या जमिनीच्या प्रत्येक कागदावर 'न. को. खोत' असे लिहिलेले असेल. १९४९च्या कायद्याने खोती गेली, पण ही सही राहिली. अशा नावात लेखकाने काही रचले आहे असे दिसत नाही, कारण गणेश, परशुराम, माधव, नरहरी ही सगळी खरीखुरी, घरोघरची नावे आहेत.

एक धोका मात्र सांगितला पाहिजे. मराठीत च, ज आणि झ या अक्षरांचे दोन उच्चार आहेत व लिपी ते दाखवीत नाही. जगन्नाथ रामचंद्र सावंत यांचे 'ज. रा. सावंत' केले तर डोळ्यांना 'जरा थांबा'मधला 'जरा' दिसतो. परंतु जगन्नाथातील ज तालव्य असल्यामुळे मोठ्याने वाचताना ऐकू येतो तो म्हातारपण या अर्थाचा 'जरा'. पात्र वृद्ध असेल तर हा अपघात लाभाचा आहे. तरुण असेल तर कागदावरची कोटी रंगमंचावर बुडाली म्हणून समजा. ह्रस्व-दीर्घाचेही तसेच आहे. दिनकर आणि दीनानाथ यांतील 'दिन' व 'दीन' कानाला जवळजवळ सारखे लागतात, पण कागदावर ती कोटी केली तर माझ्यासारखी माणसे लाल शाई घेऊन बसलेली असतात.

उलट काही कोट्या फक्त कानालाच सापडतात. आमच्याकडे आगरी बोलीत ळ चा ल होतो, त्यामुळे 'मूळ' आणि 'मूल' यांतील अंतर मिटते. झाडाच्या मुळाला पाणी घालायला सांगितलेला शहरी पाहुणा अंगणात खेळणाऱ्या पोराकडे पाहत राहिला, असा प्रसंग मी एका हस्तलिखितात वाचला होता आणि तो चांगला साधला होता. तुमच्या मालवणी गावात मात्र ळ शाबूत आहे, तेव्हा ही सोय तुम्हाला नाही. बोलीतील कोटी त्याच बोलीच्या हद्दीत ठेवावी, एवढेच यातून सुचवायचे आहे.

तिठा

मला हा सगळाच उद्योग अनावश्यक वाटतो. वाचक पात्राच्या वागण्याने बांधला जातो, नावाने नव्हे. परबगुरुजींची बडबड चांगली लिहिली असेल तर पाटीवर काय आहे याने फरक पडत नाही, आणि वाईट लिहिली असेल तर पाटी ती वाचवू शकणार नाही.

रात्रीचा प्रेक्षक, कुडाळ

तिठा यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे. ती म्हणजे नावातील कोटी ही लेखक आणि वाचक यांच्यातच होते. आमच्याकडे ती गावातल्या दोन माणसांत होते आणि वाचकाने ती बाजूला उभे राहून ऐकायची असते.

मी लहानपणापासून दशावतारी नाटके पाहत आलो आहे. त्यांत लिहिलेली संहिता नसते. कथानक आधी ठरते आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. त्यामुळे तिथली कोटी आधी बेतलेली असली तरी ती समोरच्याच्या शब्दावर उमटल्यासारखी वाटली पाहिजे, नाहीतर प्रेक्षक तोंड फिरवतो. एक नट गंभीरपणे आपले नाव सांगतो, दुसरा ते मुद्दाम चुकीचे ऐकतो, आणि हशा पडतो तो त्या चुकीच्या ऐकण्याला. वेद पळवणाऱ्या शंखासुराचा लोकांच्या तोंडी संकासूर झाला, आणि त्या रूपात मला तरी नेहमी 'शंका'ही ऐकू येते, कारण काळ्या वेशातला तो गडी सतत काही ना काही विचारून समोरच्याला भंडावून सोडतो. ही व्युत्पत्ती नाही, माझ्या कानाचा खेळ आहे. पण नावाशी असा खेळ करण्याचा हक्क प्रेक्षकाला असतो, हेच मला सांगायचे आहे.

म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की श्लेष निवेदकाने दाखवू नये, पात्राने दाखवावा, आणि तोही एकदाच. गुरुजींनी तासभर कान खाल्ल्यावर एखाद्या म्हाताऱ्याने उठता उठता एवढेच विचारावे: "गुरुजी, तुमच्या दारार काय लिवलेला आसा, ता तुमी कधी वाचलात?" त्यानंतर त्या पाटीचा उल्लेख पुस्तकात पुन्हा येता कामा नये.

दुसरे म्हणजे, जन्मनावावर सगळा भार टाकू नका. गावाने ठेवलेले नाव हा श्लेषाचा नैसर्गिक अधिवास आहे, कारण तिथे कोटी करणारा गाव असतो आणि लेखक फक्त ती नोंदवतो. समुद्राजवळच्या माणसांच्या शब्दांकडे पाहा. 'मतलई' हा रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. शिडाच्या होड्या पहाटे त्याच्यावर बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत येत. पहाटे वसुलीला येऊन उन्हे वर येण्यापूर्वी नाहीशा होणाऱ्या सावकाराला गावाने 'मतलई' म्हटले, तर त्यात 'मतलबी' न उच्चारताही ऐकू येते. अष्टमीच्या सुमाराची दुबळी भरती ती 'भांगाची'. तेव्हा कोणत्याही कामाला अर्धेच पाणी चढणाऱ्या, केसांचा भांग मात्र रेखीव काढणाऱ्या आणि शिमग्यात दुसऱ्या भांगेलाही नाही न म्हणणाऱ्या तरुणासाठी याहून योग्य नाव मला सुचत नाही. गावाबाहेर जांभ्याच्या सड्यावर एकटाच राहणारा अविवाहित माणूस 'सड्यावरचा' म्हणून ओळखला जातो; सडा म्हणजे कातळाचे पठार आणि सडा म्हणजे एकटा जीव, हे दोन्ही अर्थ आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. घाटावरच्या वाचकाला त्यातला एकच कळेल. कळू द्या.

खळ्यातला वाचक, देवगड

एक व्यावहारिक सूचना करतो, कारण मी ती किंमत मोजलेली आहे. काही वर्षांपूर्वी मी एका गावच्या उत्सवासाठी एकांकिका लिहिली आणि तिच्यातील लबाड कारभाऱ्याला कोटीसाठी एक 'कर' आडनाव दिले. ते आडनाव मी घडवले आहे, असा माझा समज होता. प्रयोगाच्या रात्री कळले की पलीकडच्या वाडीत त्या आडनावाची तीन घरे आहेत आणि तिन्ही घरे पुढच्या रांगेत बसली आहेत. नाटक पुरे झाले, पण दुसऱ्या दिवशी मला त्या वाडीत जाऊन तीन ओट्यांवर तीन वेळा चहा प्यावा लागला, आणि प्रत्येक ठिकाणी तेच स्पष्टीकरण पहिल्यापासून द्यावे लागले.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. ज्या कोटीत दोष दाखवायचा आहे ती आडनावावर करायची नाही, कारण आडनाव अख्ख्या कुळाचे असते. आद्याक्षरे, टोपणनाव, सही, होडीचे नाव यांवर ती करता येते. होडीचे नाव ही जागा तर लेखक विसरूनच जातात. माणसाने स्वतः निवडलेले, रंगाने लिहिलेले आणि साऱ्या बंदराने रोज वाचलेले ते एकमेव नाव असते.

वायंगण, वेंगुर्ले

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस मी यादी पुढ्यात घेऊन बसले होते.

तलाठ्याला आता साधे आडनाव दिले आहे आणि घोळ हा शब्द आडनावातून काढून माशाकडे परत पाठवला आहे. नोंद आपल्या बाजूने फिरवून हवी असलेला एक होडीमालक त्याच्या घरी मोठा घोळ मासा पोहोचवतो, आणि दुसऱ्या दिवशी बंदरावर एवढेच वाक्य फिरते की तलाठ्याच्या घरात घोळ आहे. तो होडीमालक माशातले मोलाचे भोत, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, आधीच काढून घेतो, हेही मी लिहिले आहे. म्हणजे लाचेतही लबाडी झाली.

नायक भिकाजी सारंग झाला. गाण्याचा संबंध मी कोठेही शब्दांत सांगितलेला नाही, फक्त तो दुपारचा गातो. सिंधू दुर्गे हे नाव काढण्याचे कारण मात्र येथे कोणी सांगितलेले नाही, ते माझे मलाच सापडले. किल्ल्याचे बांधकाम १६६४ साली सुरू झाले, पण सिंधुदुर्ग हा जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. माझ्या गावातील माणसांना १९७८ साली या नावात केवळ मालवणचा किल्ला ऐकू आला असता, तर आजच्या वाचकाला त्यात जिल्हा, एसटीची पाटी आणि पर्यटनाची जाहिरात दिसेल. कोटी पात्रांच्या कानांना एक आणि वाचकाच्या डोळ्यांना दुसरीच होणार असेल, तर ती माझ्या ताब्यात राहत नाही. सिंधू राहिली, दुर्गे गेले.

सरिता खाडिलकर या नावाविषयी कोणीच काही लिहिले नाही. ते नाव इतके फसले आहे का?

मुद्रितशोधक, अलिबाग

फसलेले नाही. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा त्यात कोटी आहे हे माझ्या ध्यानातच आले नाही. आपण विचारल्यावर परत वर जाऊन पाहिले, तेव्हा नदी खाडीला मिळालेली दिसली. सरिता हे त्या पिढीतले सर्रास नाव, खाडिलकर हे परिचित आडनाव आणि लग्नानंतर आडनाव बदलणे ही त्या काळची रीत. यातील काहीच लेखकाने ओढून आणलेले नाही. हस्तलिखितात याचा खुलासा करणारे एखादे वाक्य असेल, तर ते मात्र जाऊ द्या.

माजी मराठी शिक्षक, रत्नागिरी

मलाही ते आताच दिसले. माझे दोन दिवस बरोबर भरले.

वायंगण, वेंगुर्ले

वाक्य नव्हते, परिच्छेद होता. नदीचे गोडे पाणी खाडीत कसे खारे होते याचे वर्णन करून मी त्याची तुलना सासरी आलेल्या मुलीशी केली होती आणि त्या परिच्छेदाचा मला अभिमानही होता. आज तो काढला. पहिल्या उन्हाळ्यात सरिता आईला पत्र लिहिते आणि त्यात इतर खुशालीबरोबर कळवते की चैत्रापासून इथल्या विहिरीचे पाणी मचूळ लागते. तेवढे राहू दिले आहे.